अर्थधुरंधर कै. चिंतामणराव देशमुख

आमच्या डोंगरकड्याच्या घरात वाडवडिलांच्या वेळची एक लाकडी पेटी अद्याप आहे. तिच्या चोरकप्प्यात निजामी अमदानीतले चार-सहा हाली शिक्के आणि त्यांच्या शेजारी सहाव्या जॉर्ज बादशहाची छबी असलेली पाच रुपयांची एक नोट आहे. त्या काळी आमच्या मुलखात व्यवहार हाली शिक्क्यांचा चाले. कलदाराशी त्याचा भाव साधारणतः सात हालीस सहा कलदार असा असे. सीमेपलीकडची, म्हणजे इंग्रजी अमलातली, नोट घरी आली की ती खर्चावयाची नाही, जपून ठेवावयाची, असा वडीलधाऱ्यांचा परिपाठ होता. ह्या नोटेवर बँकेच्या गव्हर्नराची म्हणून जी इंग्रजी सही आहे ती सी. डी. देशमुख अशी आहे. रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावी जन्मलेल्या आपल्या एका ज्ञातिबांधवाची सही बादशहाच्या छबीशेजारी उमटली, ह्याचे अप्रूप आमच्या आजोबांस किती वाटले असेल ह्याची कल्पना वाचकांनी करावी.

स्मरणिकेच्या संपादक-मंडळाने चिंतामणरावांच्या चरित्रावर लिहिण्याची आज्ञा आम्हांस केली, तेव्हा प्रथम थोडा संकोच वाटला. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीत त्यांचे चरित्र ठाऊक नाही असे घर विरळा. ते मॅट्रिकला पहिले आले, आय. सी. एस. परीक्षेत पहिले आले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ही पहिलेपणाची माळ आपल्या संमेलनांतून इतक्या वेळा ओवली गेली आहे की, तिच्यामागचा माणूस दिसेनासा झाला आहे. म्हणून आम्ही ती माळ थोडक्यात आटोपणार आहोत. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब कोणी, कोणास आणि केव्हा द्यावयाचा, हा प्रश्न त्यांनी जन्मभर कसा हाताळला, ते मात्र आम्हांस सविस्तर सांगावयाचे आहे.

जन्म १४ जानेवारी १८९६ चा. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख वकिली करीत. बालपण रोह्याच्या परिसरात गेले. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिला क्रमांक आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात निसर्गविज्ञानाचा अभ्यास करून १९१७ साली त्यांनी वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळविले. हा वनस्पतींचा नाद शेवटपर्यंत सुटला नाही. अर्थमंत्र्याच्या बंगल्यातही त्यांचे लक्ष बागेकडे असे. १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत ते सर्वप्रथम आले आणि मध्यप्रांत-वऱ्हाडात रुजू झाले.

तेथील नोकरीची वीस वर्षे चरित्रकार सहसा दोन ओळींत उरकतात. आमच्या मते मात्र पुढचे सारे तेथेच घडले. रायपूरकडे ते जमाबंदीचे अधिकारी होते. जमाबंदी म्हणजे गावोगाव तंबू ठोकून राहावयाचे, शिवाराची प्रतवारी पाहावयाची, कुळाचे म्हणणे ऐकावयाचे, पाटील-पटवाऱ्यांचे कागद पडताळावयाचे आणि मग सारा ठरवावयाचा. आकडा कागदावर चुकला की त्याचा भुर्दंड पुढची वीस-तीस वर्षे एखाद्या कुणब्याच्या घराला पडतो. आकड्यामागे माणूस असतो, हे ज्याने शिवारात उभे राहून पाहिले त्याच्या हाती पुढे देशाचे अंदाजपत्रक आले, हे देशाचे भाग्यच म्हणावयाचे. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही त्यांनी काम केले आणि नंतर प्रांताच्या अर्थखात्याचे सचिवपद सांभाळले.

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर झाले. काळ महायुद्धाचा. महागाई भडकलेली, बंगालात दुष्काळाने माणसे मरत असलेली, आणि हिंदुस्थानातून युद्धासाठी नेलेल्या मालाची किंमत लंडनात पौंडांच्या रूपाने साचत चाललेली. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे जी परिषद भरली आणि जीतून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक निर्माण झाल्या, तीत हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाचे ते एक सभासद होते. त्याच वर्षी सरकारने त्यांस सर हा किताब दिला, आणि त्याच वर्षी त्यांनी केलेले मेघदूताचे मराठी पद्य भाषांतर प्रसिद्ध झाले. दिवसा पौंडांचा हिशेब आणि रात्री कालिदास, असा हा गृहस्थ होता.

त्या दिवसांत बँक काढणे फार सोपे होते. कोणीही चार प्रतिष्ठितांची नावे पाटीवर घालावी, ठेवी गोळा कराव्या, त्या आपल्याच गोतावळ्याच्या धंद्यात गुंतवाव्या आणि धंदा बसला की कुलूप लावावे. बंगाल्यात आणि दक्षिणेत अशा किती बँका बुडाल्या आणि किती विधवांचे, निवृत्त कारकुनांचे संसार त्यांबरोबर गेले, त्याची गणती करणे कठीण आहे. रिझर्व्ह बँकेस ह्या बँकांची दफ्तरे उघडून पाहण्याचा पुरा अधिकार नव्हता. तो अधिकार देणारा बँकिंग कंपन्यांचा कायदा १९४९ साली आला. त्यामागे रिझर्व्ह बँकेचा कित्येक वर्षांचा पाठपुरावा होता. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी रिझर्व्ह बँक स्वतः राष्ट्राच्या मालकीची झाली. तत्पूर्वी, जानेवारी १९४७ पासून, बँकेने आपली मासिक पत्रिका सुरू केली होती. देशाच्या पैशाची स्थिती ज्यास वाचता येईल त्या कोणासही वाचावयास मिळावी, ही कल्पना आज साधी वाटते. तेव्हा ती साधी नव्हती.

१९५० च्या जून महिन्यात डॉ. जॉन मथाई यांच्या राजीनाम्यानंतर चिंतामणराव केंद्राचे अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाब्याच्या मतदारांनी त्यांस लोकसभेत पाठविले. नियोजन मंडळाचे ते आधीपासूनच सदस्य होते. पहिल्या पंचवार्षिक योजनेचा मूळ आराखडा २०६९ कोटी रुपयांचा. देश नुकता फाळणीतून उठलेला, परदेशी चलन तुटपुंजे, धान्य बाहेरून आणावे लागे. अशा देशाला उद्योग तर पाहिजेत, पण उद्योगाला भांडवल कोण देणार, आणि ज्याच्या हाती भांडवल दिले त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार, हे दोन प्रश्न एकाच वेळी त्यांच्यापुढे उभे होते. पुष्कळांना ह्यांपैकी पहिलाच दिसे. चिंतामणरावांना दोन्ही दिसले.

आमच्या भागातील वाचकांस जवळची गोष्ट आधी सांगतो. रिझर्व्ह बँकेने १९५१ साली गोरवाला समितीकडे ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी सोपविली. समितीचे लोक देशातील ७५ जिल्ह्यांतल्या ६०० गावांतून फिरले. १९५४ साली अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा कळले की, शेतकरी जे कर्ज काढतो त्यात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३ च्या आसपास आणि सावकारांचा शेकडा ७० च्या सुमारास आहे. आमच्या कळमनुरी तालुक्यातल्या कोणा शेतकऱ्यास हे सांगण्यासाठी समितीची गरज नव्हती. पण दिल्लीस होती. त्या अहवालावरून इंपीरियल बँकेची १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिजवर कायद्यानेच घालण्यात आले. ह्याच धोरणाचे पुढचे पाऊल म्हणून १९५६ च्या ऑक्टोबरात हैदराबाद स्टेट बँकही रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात आली आणि तिचे नाव स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाले. मराठवाड्यातल्या आमच्या पिढीस बँक म्हणजे हीच बँक ठाऊक होती. २०१७ साली ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली तेव्हा अनेकांना माहेर मोडल्यासारखे वाटले. सहकारी संस्थांत सरकारने भागीदार म्हणून भांडवल घालावे, ही शिफारसही गोरवाला समितीचीच. पुढे महाराष्ट्रात जागोजाग सहकारी साखर कारखाने उभे राहिले, त्यांस ह्या धोरणाचा मोठा आधार मिळाला. आमच्या डोंगरकड्याच्या शिवारातही सहकारी कारखाना आला. सरकारचा पैसा आला म्हणजे शेतकऱ्याने हिशेब विचारावयाचे सोडून द्यावे, असे मात्र त्या अहवालात कोठेही लिहिलेले नव्हते. सभासद काट्यापाशी गप्प राहिला की काटा हळूहळू दुसऱ्याचा होतो.

उद्योगाच्या बाबतीत त्यांच्या कारकिर्दीत दोन्ही अंगांनी कामे झाली. १९५५ च्या आरंभी खाजगी उद्योगांस दीर्घ मुदतीचे कर्ज देणारे औद्योगिक पत व गुंतवणूक महामंडळ जागतिक बँकेच्या साह्याने उभे राहिले. १९५६ साली ६५८ कलमांचा नवा कंपनी कायदा आला. ह्या कायद्याचे मर्म समजावयाचे तर तेव्हाची मॅनेजिंग एजंटांची पद्धत ठाऊक हवी. एखादे घराणे थोडेसे भाग घेई. बाकीचे भांडवल हजारो लहान भागधारकांचे असे. तरी कारभार सारा त्या घराण्याच्या पेढीकडे. कच्चा माल ह्याच पेढीने घ्यावयाचा, पक्का माल हिनेच विकावयाचा, दोन्हींवर दलाली. भागधारकास लाभांश मिळो न मिळो, पेढीची प्राप्ती अखंड. नव्या कायद्याने ह्या पेढ्यांच्या मोबदल्यास आणि मुदतीस मर्यादा घातल्या, हिशेब व तपासणी कडक केली. उद्योगपती नाराज झाले. त्याच वेळी कायद्याच्या एवढ्या कलमांनी लहान उद्योजक गुदमरेल असाही आक्षेप निघाला, आणि तो अगदीच निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. कलमे वाढली की वकील व हिशेबतपासनीस वाढतात. सचोटी त्या प्रमाणात वाढतेच असे नाही. ती पद्धत समूळ जावयास मात्र १९७० साल उजाडावे लागले.

आता आयुर्विम्याची हकीकत. विमा म्हणजे मेल्यानंतरच्या दिवसांसाठी जिवंतपणी पोटाला चिमटा घेऊन ठेवलेला पैसा. तेव्हा देशात आयुर्विम्याचा धंदा करणाऱ्या भारतीय कंपन्या १५४, परदेशी १६ आणि भविष्यनिधी संस्था ७५, मिळून २४५ होत्या. ह्यांतील पुष्कळ चोख होत्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु मागील दहा वर्षांत २५ कंपन्यांचे दिवाळे निघाले होते आणि आणखी तितक्याच कंपन्यांचा धंदा, त्यांनी पुंजी उधळल्यामुळे, दुसऱ्यांकडे सोपवावा लागला होता. रामकृष्ण दालमिया यांच्या भारत इन्शुरन्स कंपनीतून दोन कोटींहून अधिक रक्कम गैरमार्गाने वळविल्याचे प्रकरण १९५५ साली उघडकीस आले आणि फिरोज गांधी यांनी त्यावर लोकसभेत भाषण केले. चिंतामणरावांनी निर्णय घेतला, पण तो कानोकान कळू दिला नाही. आधी बोभाटा झाला असता तर ज्यांची दफ्तरे पाहावयाची त्यांनी ती रातोरात नीट लावली असती. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच संध्याकाळी अर्थमंत्र्यांनी आकाशवाणीवरून देशास ते सांगितले. सरकारी अधिकाऱ्यांनी लगोलग कंपन्यांचा कारभार ताब्यात घेतला.

ह्या प्रसंगाची आणखी एक बाजू पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. त्याच्या तीनच दिवस आधी, १६ जानेवारीस, पंतप्रधान पंडित नेहरूंनी मुंबई शहर महाराष्ट्रास न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय आकाशवाणीवरूनच जाहीर केला होता. मुंबई पेटली होती. रस्त्यांवर पोलिसांच्या गोळीबारात माणसे पडत होती. चिंतामणराव अशा मनःस्थितीत विमेदारांना धीर देणारे भाषण करीत होते. त्याच महिन्यात त्यांनी आपला राजीनामा पंतप्रधानांकडे दिला.

राजीनामा दिला, पण खाते वाऱ्यावर सोडले नाही. अंदाजपत्रक मांडले, विमा महामंडळाचे विधेयक संमत होईपर्यंत काम पाहिले, आणि जुलै १९५६ मध्ये ते बाहेर पडले. लोकसभेत त्यांनी जे निवेदन केले त्यात मुंबईचे दुःख तर होतेच. परंतु त्यांचा कटाक्ष कारभाराच्या रीतीवर होता. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर न ठेवता जाहीर झाला, आणि गोळीबारात माणसे मेली तरी त्याची न्यायालयीन चौकशी झाली नाही, असे त्यांचे दोन आक्षेप होते. पंडितजींनी पहिला आक्षेप अमान्य केला. ह्या वादात कोणाचे किती बरोबर, ह्याचा निवाडा इतिहासकार करोत. पण आम्हांस त्यात विमा कंपन्यांच्या प्रकरणातलेच सूत्र दिसते. विमेदाराच्या पैशाचा जाब कंपनीने द्यावा असे ज्याने सोमवार-मंगळवार सांगितले, त्याने नागरिकाच्या प्राणाचा जाब सरकारने द्यावा असे बुधवारी सांगू नये काय? मराठवाडा त्याच वर्षी १ नोव्हेंबरला द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, तेव्हा आमच्या गावच्या वडीलधाऱ्यांनी आचार्य अत्र्यांच्या बरोबरीने चिंतामणरावांचे नाव घेतले असे आम्ही घरी ऐकत आलो.

पुढे जे घडले ते मोठे बोलके आहे. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, आणि वर्ष पुरे होण्याच्या आत, जून १९५७ मध्ये, महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग घेतले. कंपन्या डबघाईच्या, घेतलेला भाव अवाच्या सवा. पुन्हा फिरोज गांधीच उठले. न्यायमूर्ती छागला यांनी १९५८ च्या आरंभी मुंबईत उघड्या दाराने चौकशी केली. ती ऐकण्यास लोकांची झुंबड उडाली, आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांस पद सोडावे लागले. चिंतामणरावांच्या टीकाकारांनी त्या वेळी बोट दाखविले की, खाजगी धन्याच्या जागी सरकारी धनी आणून तुम्ही काय साधले? टीका झोंबणारी होती आणि तीत तथ्य होते. मालक बदलल्याने पैसा आपोआप सुरक्षित होत नाही. फरक एवढाच की, खाजगी कंपनीचे पाप कित्येक वर्षे दडून राहिले आणि महामंडळाचे सहा महिन्यांत संसदेत आले, एका मंत्र्याने त्याची किंमत मोजली. हा फरक लहान मानावा की मोठा, ते वाचकांनी ठरवावे. आम्ही तो मोठा मानतो.

चिंतामणराव तेव्हा विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष होते. राजकारणापासून दूर, विद्यापीठांना पैसा वाटण्याचे आणि त्याचा विनियोग पाहण्याचे काम. ते निवांत बसते तर त्यांस कोणी बोल लावला नसता. परंतु १९५९ साली मद्रासेतील एका भाषणात त्यांनी उच्चपदस्थांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करणारे कायमचे, स्वतंत्र आणि निःपक्षपाती न्यायाधिकरण नेमावे अशी मागणी केली. असे न्यायाधिकरण नेमल्यास आपल्याजवळची माहिती आपण त्याच्यापुढे ठेवू, असेही सांगितले. गदारोळ उडाला. नावे द्या, पुरावे द्या, मग पाहू, असे सरकारचे म्हणणे. न्यायाधिकरण आधी नेमा, माहिती देणाऱ्यास संरक्षण द्या, मग देतो, असे ह्यांचे. पंडितजींनी मागणी फेटाळली. नावे न घेता संशय पसरविला, असा ठपका त्यांजवर तेव्हा ठेवण्यात आला. ज्याने आयुष्यभर कागदाशिवाय शब्द काढला नाही त्याजवर हा ठपका यावा हे दुर्दैव. आम्हांसही वाटते की, एखादे तरी प्रकरण त्यांनी उघड करावयास हवे होते. पण फिर्याद ऐकणारा जर आरोपीचाच सहकारी असेल, तर फिर्यादीने दाराशी थांबावे की आत जावे?

ज्या वर्षी ही मागणी नाकारली गेली त्याच वर्षी, १९५९ साली, त्यांस सरकारी सेवेबद्दल मॅगसेसे पारितोषिक मिळाले. १९६४ साली संथानम समितीच्या शिफारशीवरून केंद्रीय दक्षता आयोग आला. लोकपालाची शिफारस १९६६ साली प्रशासन सुधारणा आयोगाने केली. महाराष्ट्राने लोकायुक्ताचा कायदा १९७१ साली केला. केंद्रात लोकपालाचा कायदा व्हावयास २०१३ साल उजाडले. मद्रासच्या भाषणानंतर ५४ वर्षांनी.

येथे थोडे स्वतःविषयी लिहिण्याची वाचकांनी मुभा द्यावी. काही वर्षांपूर्वी आमच्या बाजारपेठेतल्या एका पतपेढीत आम्ही मुलीच्या लग्नासाठी ठेव ठेवली होती. संचालक ओळखीचे, त्यांतले दोघे तर सुखदुःखात घरी येणारे. वार्षिक सभेचे निमंत्रण येई, ताळेबंद छापलेला असे. आम्ही तो कधी उघडून पाहिला नाही. ओळखीच्या माणसास हिशेब काय विचारावयाचा, हा आमचा सभ्यपणा. एके सकाळी कुलूप दिसले. लग्न उसन्या पैशांवर पार पडले. ठेवीतली निम्मी रक्कम मिळाली, निम्मी अद्याप कागदावर आहे. त्या पेढीचे नाव घेण्याचे कारण नाही. चूक त्यांची होती तशी आमचीही होती, एवढे सांगण्यासाठी हे लिहिले. आपल्या ज्ञातिसंस्थेच्या विद्यार्थी-साहाय्य निधीस आपण सारे श्रद्धेने वर्गणी देतो. त्या निधीचा तपासलेला जमाखर्च ह्याच स्मरणिकेत, जाहिरातींच्या आधी, छापावा अशी आमची संपादकांस विनंती आहे. चिंतामणरावांचे छायाचित्र मुखपृष्ठावर घालण्याइतकेच ते आवश्यक आहे.

त्यांच्या खाजगी आयुष्याविषयी दोन शब्द. पहिली पत्नी रोझिना ह्या इंग्रज होत्या. त्यांच्या निधनानंतर जानेवारी १९५३ मध्ये त्यांनी आंध्रच्या कार्यकर्त्या व घटना समितीच्या माजी सदस्या दुर्गाबाई यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. साक्षीदार म्हणून पंडित नेहरूंची सही होती. ज्या नेहरूंशी तीन वर्षांनी एवढा मतभेद झाला, त्यांच्याशी वैयक्तिक स्नेह दोघांनीही तोडला नाही. ज्ञातीच्या चौकटीत हा पुरुष कधी मावला नाही, हे ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही.

१९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६९ साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्याने उभे राहिले आणि तिसऱ्या क्रमांकावर पडले. तो मार्ग त्यांचा नव्हता असे आमचे मत. १९७४ साली त्यांनी इंग्रजीत आत्मचरित्र प्रसिद्ध केले. १९७५ साली पद्मविभूषण मिळाले. अखेरची वर्षे हैदराबादेत गेली. आमच्या वाडवडिलांची ही जुनी राजधानी; कोर्टकचेरीची कामे घेऊन डोंगरकड्याची माणसे एके काळी तेथे हेलपाटे घालीत. मे १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेतच चिंतामणरावांनी देह ठेवला. ती पाच रुपयांची नोट आमच्या वडिलांनी त्यानंतर एकदा पेटीतून काढून आम्हां भावंडांस दाखविली, सहीवर बोट ठेवले, आणि घडी न मोडता परत जागच्या जागी ठेवली.